पावसाळ्याआधी साइटवरची माती अडवा

पहिलीच साइट असेल तर पर्यावरण मंजुरीचं पत्र स्वतः वाचा. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर ही मंजुरी लागतेच, आणि वरची सुपीक माती २० सेंटीमीटरपर्यंत काढून वेगळी साठवायची अट त्यात बहुधा असते. ती माती मुरुमात मिसळू देऊ नका, नंतर झाडांना तीच लागते. महाराष्ट्रात १:५ (पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ) किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही. पण त्याहून सौम्य उतारावरूनही जूनच्या पहिल्या सरीत भरपूर गाळ वाहतो, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही.

खालच्या कडेला जिओटेक्स्टाइल म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या, गाळ अडवणाऱ्या कृत्रिम कापडाचं कुंपण घाला. इथे सगळ्यात जास्त चूक होते. कापड नुसतं जमिनीला टेकवलं तर पाणी खालून निघून जातं. म्हणून १५ सेंटीमीटर खोल चर खणून कापडाची कड त्यात गाडा आणि माती धुमसून घ्या. खुंट कापडाच्या उतरत्या, खालच्या बाजूला हवेत, कुंपणाची टोकं चढाकडे वळवलेली. हे कुंपण पाणी थांबवतं, मग गाळ खाली बसतो. त्यामुळे वाहत्या नाल्यात आडवं लावलं की ते उखडणारच. गाळ एक तृतीयांश उंचीला आला की काढा.

पायाच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पंपाने थेट गटारात सोडू नका, आधी गाळटाकीत घ्या. फाटकाशी मोठ्या खडीचा थर टाका, म्हणजे डंपरची चाकं रस्ता चिखलाने माखत नाहीत. ढिगाऱ्यांवर ताडपत्री मे संपण्याआधीच.