विज्ञान-आरोग्य संवादात मास्टर्स करावं का?

बीएस्सीनंतर विज्ञान, आरोग्य, पर्यावरण संवादात परदेशी मास्टर्स करावं का, असं विचारलंय. हे विषय सामान्य लोकांना समजावून सांगण्याची मनापासून ओढ असेल तर जरूर करा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात विज्ञान संवादाचा अभ्यासक्रम १९९१ पासून आहे, पूर्णवेळ एक वर्षाचा.

तिथे भाषेइतकीच आकड्यांची नजर तयार व्हायला हवी. 'अमुक खाल्ल्याने कॅन्सरचा धोका दुप्पट' अशी बातमी आली, की आधी विचारायचं: कितीच्या दुप्पट? दहा हजारांत एकाचे दोन रुग्ण झाले तरी ते दुप्पटच! हा फरक न सांगितल्याने लोक उगीच धास्तावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फी मात्र दणदणीत असते. नुसत्या पदवीसाठी कर्ज काढू नका. आधी इथेच हात चालवून बघा. सर्पदंशावर एक पानभर मराठी पत्रक लिहा: घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ न घालवता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. ते शेतात राबणाऱ्या कुणाला वाचायला द्या आणि वाचणारा कुठे अडखळतो ते नीट पाहा. जमतंय असं वाटलं, तर मराठी विज्ञान परिषदेच्या 'पत्रिके'साठी एखादा लेख पाठवा. अर्जासोबत दाखवायला असं काम हाताशी असलेलं बरं.