कोरोना झाला आहे, क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीत, भाग घ्यायचा तर ती शोधायची कुठे?

क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या वेबसाइटवर किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीटीआरपी या चाचण्यांच्या नोंदींच्या पोर्टलवर 'कोविड-19' शोधा आणि 'रिक्रूटिंग', म्हणजे भरती चालू असलेल्याच चाचण्या निवडा. पण वेळ घालवू नका. विषाणूविरोधी औषधांच्या चाचण्यांत लक्षणं सुरू होऊन किती दिवस झाले हे फार काटेकोरपणे बघतात. पॅक्सलोव्हिड या कोविडवरच्या विषाणूविरोधी औषधाच्या मुख्य चाचणीत ही मर्यादा 5 दिवसांची होती. त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी नोंदीत दिलेल्या क्रमांकावर फोन करा. चालू औषधांची यादी हाताशी ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. संमतिपत्र नीट वाचा: तुमच्या वाट्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काही, हेही येऊ शकतं, आणि चाचणी मध्येच सोडायचा हक्क तुम्हाला असतोच. दम लागत असेल तर मात्र चाचणी राहू द्या, आधी हॉस्पिटल गाठा.