वाचक विचारतात: यॉट घ्यायची तर नेमकं काय बघायचं?

प्रश्न (एक वाचक, सावदा, ता. रावेर): आमचा केळीचा व्यापार आहे, माल आखातात जातो. आम्ही तिघं भाऊ मिळून मुंबईला ठेवायला 55-60 फुटी मोटर यॉट घ्यायचं म्हणतोय, घरच्यांसाठी आणि बाहेरून येणाऱ्या व्यापारी पार्ट्यांसाठी पण. एक नवी इटालियन बघितली, 30 नॉटचा स्पीड सांगतात. दुसरी इंग्लंडची, आठ वर्षं जुनी, दुबईत उभी आहे. मोठे भाऊ म्हणतात लांबी जास्त ती घ्या, पुतण्या स्पीडवर अडून बसलाय. तुलना करायची कशी?

उत्तर: दादा, पुतण्याचं आधी घेऊ, ते लवकर मिटतं. गेटवे ते मांडवा साधारण 8 सागरी मैल, आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. 20 नॉटनं गेलात तर 24 मिनिटं, 28 नॉटनं गेलात तर 17 मिनिटं, म्हणजे सातेक मिनिटं वाचवायला तुम्ही मोठ्या इंजिनाचे पैसे मोजणार आणि वरून डिझेल वेगळं. 800 हॉर्सपॉवरची दोन इंजिनं फुल ताणली की तासाला 300 लिटरच्या आसपास डिझेल लागतं, जरा दमानं चालवली तरी 230-240 धरून चला. आणि ब्रोशरमधला स्पीड बहुतेक वेळा हलक्या बोटीचा असतो, टाकी अर्धी, माणसं दोन-चार, तळ नवाकोरा. दोन्हीकडे एकच प्रश्न टाका: टाक्या फुल, बारा माणसं, एसी चालू, मग किती नॉट आणि एका टाकीत किती मैल? लेखी मागा.

मोठ्या भाऊंना सांगा की लांबीत मागचा पोहायचा प्लॅटफॉर्मसुद्धा धरलेला असतो, आणि जेट्टीचं भाडं बहुतेक ठिकाणी लांबीवरच लागतं. आत जागा किती हे रुंदीवर आणि घनफळावर ठरतं, त्याला ग्रॉस टनेज म्हणतात, तो आकडा शेजारी शेजारी मांडा. खलाशांची केबिन पण उघडून बघा. आपल्याकडे कॅप्टन आणि एक-दोन माणसं कायम लागतात, त्यांना नीट झोपता येत नसेल तर चांगली माणसं टिकणार नाहीत. एसी भूमध्य समुद्राच्या हिशोबानं बसवलेला आहे का गरम देशासाठीचा जास्त ताकदीचा, हेही विचारा, एप्रिल-मेमध्ये मुंबईत घरची मंडळी पहिली तक्रार ह्याचीच करतील.

आता दुबईची बोट. सोफे, मार्बल, दिवे मागाहून बघा, आधी इंजिनरूममध्ये उतरा. सकाळी जा आणि जायच्या आधी कोणी इंजिन चालू करू नका असं बजावून ठेवा. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा, गरम लागलं तर समजा कोणीतरी तापवून ठेवलंय, कारण थंड इंजिन सुरू करतानाचा धूरच सगळं बोलतो. काळा धूर बराच वेळ राहिला तर डिझेल नीट जळत नाही, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा हटतच नसेल तर आत पाणी जात असायची शक्यता. मग टॉर्च घेऊन पाइपांचे जोड बघा, पांढरी मिठाची पापडी साचलेली दिसली तर तिथून खारं पाणी झिरपतंय. खाली बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचतं त्या अगदी तळाच्या भागात, तेलाचा तवंग आहे का बघा. ट्रॅक्टरसारखंच इथंही तासांचं मीटर असतं, पण फार कमी तास बघून खूश होऊ नका. वर्षानुवर्षं नुसती उभी राहिलेली बोट जास्त खराब होते, सील वाळतात, गंज चढतो. जनरेटरचे तास वेगळे विचारा.

सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, तुमचा हवा, दलालानं सुचवलेला अजिबात नको. त्याला बोट पाण्याबाहेर काढून तळ तपासू द्या, फायबरमध्ये ओल शिरून फोड आलेत का, ते बघू द्या, आणि इंजिन ऑइलचा नमुना लॅबला पाठवा. मग समुद्रात ट्रायल. फुल थ्रॉटलला इंजिन कंपनीनं दिलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचलं नाही तर सौदा तिथंच थांबवा आणि कारण विचारा.

खर्चाचं म्हणाल तर किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला जातात असा ह्या धंद्यातला ढोबळ हिशोब आहे. यॉटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झालाय, बाहेरून आणली तर कस्टम ड्यूटी त्याच्या आधी, तेव्हा दुबईचा भाव ऐकून हुरळून जाऊ नका. पावसाळ्यात मुंबईत बोट वापरता येत नाही, 25-30 टन वजन उचलून किनाऱ्यावर कोण ठेवणार आणि किती घेणार, हे बयाणा देण्याआधी ठरवा. माझा आग्रह विचाराल तर ह्या हिवाळ्यात तिघं भाऊ घरच्यांना घेऊन भाड्याची यॉट करा, एक रात्र आत झोपा. बोट उभी असताना डोलली आणि वहिनींना मळमळलं तर जायरो स्टॅबिलायझर, म्हणजे आत जोरात फिरणाऱ्या जड चाकानं डोलणं कमी करणारं यंत्र, लागणारच, तो उभ्या बोटीलाही सावरतो, तळाला बाहेरून पंख असलेला फिनवाला मुख्यतः चालत्या बोटीत काम करतो.

प्रश्न (धुळे): आयपीएस 600 म्हणजे 600 हॉर्सपॉवर ना?

उत्तर: नाही हो भाऊ, भलेभले इथं फसतात. आयपीएस ही व्होल्वो पेंटा कंपनीची, बोटीखाली वळणाऱ्या पंख्यांची पद्धत; तिच्या आयपीएस 600 मध्ये इंजिन 435-440 हॉर्सपॉवरचं असतं. ह्यात पंखे पुढं तोंड करून असतात, जॉयस्टिकनं बोट जेट्टीला सहज लागते, डिझेलही वाचतं. पण आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्या-दोऱ्या फार, आणि दुरुस्तीला शिकलेला माणूसच लागतो. सर्व्हिस जवळ नसेल तर साधी शाफ्टवाली, म्हणजे सरळ दांड्यावर पंखा असलेली, बरी.

प्रश्न (नवापूर): अशी यॉट उकाईच्या पाण्यात ठेवता येईल का?

उत्तर: 55 फुटी बोट 15-16 फूट रुंद असते, रस्त्यानं आणणंच जिकिरीचं. धरणाच्या पाण्यासाठी 20-25 फुटी पॉन्टून बोट, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट बघा, ट्रेलरवर मावते, मागं बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन काढून गावातल्या मेकॅनिककडे नेता येतं, आणि लाइफ जॅकेट माणशी एक, पोरांच्या मापाची वेगळी.