विंडोज ११ टाकायच्या आधी एवढं कर

भावा, घाई करू नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ वर जावं लागणारच, पण तुझ्या पेढीवरच्या पीसीत टॅली आहे, हळदीच्या सौद्यांची सगळी बिलं आहेत, तर आधी एक्स्टर्नल हार्डडिस्कवर बॅकअप घे आणि त्यातली दोन-चार बिलं दुसऱ्या मशीनवर उघडून बघ, नुसतं कॉपी झालं म्हणून सोडू नको. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे का तेही बघून घे. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, अपडेटनंतर मशीन कधीकधी तीच मागत बसतं.

आणि वळवाच्या दिवसात संध्याकाळी अजिबात सुरू करू नको. माझ्या इथं सांगलीत अपडेट ६४ टक्क्यांवर असताना लाईट गेली, यूपीएसची बॅटरी बसलेली, दोन दिवस दुकान वहीवर चाललं, लय मनस्ताप झाला. सकाळी लाव.

झालं की प्रिंटर, टॅली, मराठी कीबोर्ड सगळं चालवून बघ, नाही जमलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधनं परत १० वर येता येतं, तोवर जुनं विंडोज ज्यात राहतं ते विंडोज डॉट ओल्ड (Windows.old) फोल्डर जागा खातंय म्हणून उडवू नको.