पोराच्या ट्रंकेत सुती गंजी टाका

प्रश्न : मुलगा रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये भरती झालाय, ट्रेनिंग अहिल्यानगरला चालू आहे. सुट्टीवर आला की द्यायला लातूरच्या गंजगोलाईतून घाम शोषणारे चार टीशर्ट आणून ठेवलेत. ऑनलाइन आगरोधक कपडेही दिसतात. तेही घ्यावेत का?
– एक वडील, औसा

उत्तर : भाऊ, वरची डांगरी, म्हणजे रणगाड्यात घालायचा अंगभर एकसंध पोशाख, सरकारची. मिळेल तीच घालायची. ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका. 'आगरोधक' अशी चिठ्ठी कुणीही शिवून देतं. तुमच्या हातात आहे ते आतलं : गंजी, चड्डी, मोजे. आणि घोळ तिथंच होतो.

त्या टीशर्टच्या कापडातला एक दोरा ओढा. शिवणीचा नको, शिवण सुती कपड्यालाही पॉलिस्टरची असते. चिमट्यात धरून काडी लावा. सुती दोऱ्याची कागदासारखी राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं.

तो मणी कातडीवर काय करतो, ते मला विचारा. राजस्थानात सरावाला होतो, स्टोव्ह भडकला. पँट सुती होती, झटकून विझवली. नायलॉनचा मोजा मात्र पोटरीला चिकटला. डॉक्टरांनी काढला तेव्हा कातडीसकट निघाला. नायलॉन, पॉलिस्टर साधारण 220 ते 260 अंशांना वितळतं. इराकमध्ये अमेरिकेच्या मरीन सैनिकांना 2006 साली तळाबाहेर असले टीशर्ट घालायला बंदी केली, ती याच पायी. आगरोधक डांगरीला वापरतात ते नोमेक्स कापड वितळत नाही, काळं पडून कोळपतं. पण आच आतपर्यंत पोचतेच, आणि आत वितळणारं असलं तर डांगरी तरी काय करणार?

तेव्हा टीशर्ट धाकट्याला द्या, क्रिकेटला बरे आहेत. थोरल्याला सुती गंज्या घ्या, अंगासरशा नको, जरा सैल. थंडीला लोकरीचा स्वेटर चालेल, लोकर सहजी पेट घेत नाही.

डांगरी घरी धुवायला आणली, तर वहिनींना सांगा : खळ नको, वासाचं कंडिशनर नको, दोन्ही जळतात. ब्लीच तर नकोच. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वडीच्या साबणाचा पांढरा थर धाग्यात बसतो, तोही पेटतो. पावडरनं धुवा, दोनदा खळबळा. एवढं करूनही डिझेलचा वास जाईना, तर पोरानं डांगरी बदलून मागायची. नव्या पोरांना ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादाची भीती वाटते, म्हणून तशीच घालतात.