कॅम्पिंगला सीपॅप बॅटरीवर चालवायचं, तर केवढी बॅटरी लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्लीप एप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडतो; सीपॅपशिवाय, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या मशीनशिवाय, झोप नाही, तीन रात्री तंबूत काढायच्या आहेत, तिथे वीज नाही आणि अडॅप्टरवर ९० वॉट लिहिलंय. मग बॅटरी केवढी न्यायची?

तो ९० चा आकडा आधी डोक्यातून काढा. अडॅप्टर जास्तीत जास्त किती वॉट देऊ शकतो, एवढंच तो सांगतो. मशीन रात्रभर तेवढी वीज घेत नाही. पण बरेच जण ९० गुणिले ८ तास म्हणजे ७२० वॉट-अवर, तीन रात्रींचे दोन हजारांच्या वर, असा हिशेब मांडतात आणि दोघांनी उचलावी लागेल अशी बॅटरी घेऊन बसतात.

मी स्वतः सीपॅप वापरतो आणि तंबूतही नेतो. हवा ढकलणारी मोटर फार कमी वीज घेते. मशीनवर लावलेलं हवेचं प्रेशर १० च्या आसपास (सेंटिमीटर पाणी या एककात) असेल, तर आजकालची बहुतेक मशीनं ६ ते १० वॉटवर चालतात, म्हणजे रात्रीला ५० ते ८० वॉट-अवर. खरी वीज जाते पाणी गरम करण्यात. ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी, पाणी तापवणारी टाकी) आणि गरम होणारी नळी दोन्ही चालू ठेवलीत, तर तीच रात्र २०० ते ४०० वॉट-अवरवर जाते. त्यात तंबूतली हवा घरातल्यापेक्षा गार, म्हणून हीटरला काम आणखी जास्त. तेव्हा केवढी बॅटरी हे विचारण्याआधी, ह्युमिडिफायरशिवाय झोपता येईल का, ते ठरवा. उत्तर ‘हो’ असेल, तर प्रश्न जवळपास सुटला.

ते घरीच करून बघा, जायच्या आठवडाभर आधीपासून. ह्युमिडिफायर १ वर आणून थांबू नका, पूर्ण ‘ऑफ’ करा. गरम नळीचं सेटिंग बऱ्याच मशीनांत वेगळं असतं, तेही बंद करा. साधी नळी असेल तर तीच लावा. घसा-नाक कोरडं पडत असेल, तर मास्क आणि नळीच्या मध्ये बसणारा एचएमई फिल्टर मिळतो. तो तुमच्याच उच्छ्वासातली वाफ धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो, विजेशिवाय. मात्र तो तुमच्या मास्कला चालतो का, हे आधी विचारून घ्या. झोपताना नाकात सलाइनचा स्प्रे मारला तरी बऱ्याच जणांचं भागतं. हीटर बंद ठेवून टाकीत नुसतं पाणी ठेवलं तरी थोडा ओलावा मिळतो, पण तंबूतली जमीन सपाट नसते आणि टाकी कलंडली की पाणी थेट मशीनमध्ये. मी तरी टाकी रिकामीच ठेवतो.

आता मोजणी. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो. तो मध्ये लावून एक रात्र झोपा आणि सकाळी आकडा बघा. ०.०७ युनिट दिसलं, तर ७० वॉट-अवर. हा आकडा तुमच्या प्रेशरचा, तुमच्या मास्कच्या गळतीचा आणि तुमच्या झोपेचा आहे. कुठल्याही तक्त्यापेक्षा तो खरा. मास्क गळत असेल तर मोटर जास्त फिरते, म्हणून मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ कड झिजली असेल तर ती आधीच बदला. मशीनमध्ये सिमवाला मोडेम असेल तर एअरप्लेन मोड लावा, नाहीतर रेंज नसलेल्या जागी ते उगाच नेटवर्क शोधत बसतं.

समजा रात्रीला ७० आले. तीन रात्रींचे २१०, वर पाचवा भाग राखीव, म्हणजे साधारण २५० वॉट-अवर. १२.८ व्होल्टची २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २५६ वॉट-अवरची असते आणि वजनाला तीन किलोच्या आत. शिसे-आम्लाची बॅटरी घेतलीत तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे तीच गरज भागवायला दुप्पट क्षमता आणि कितीतरी जास्त वजन. ह्युमिडिफायर चालूच ठेवायचा असेल तर मात्र १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीची तयारी ठेवा. ती दहा किलोच्या वरच जाते, तेव्हा गाडी तंबूपर्यंत जात असेल तरच हा विचार.

पॉवर बँक घेताना एक गोष्ट बघा. त्यावर २०,००० एमएएच असं ठसठशीत छापलेलं असतं, म्हणजे २० अँपिअर-अवरच, मग वरच्या बॅटरीएवढीच की! नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर, त्यातले हाती येतात त्याहून कमी. जेमतेम एक रात्र. खरेदी करताना फक्त वॉट-अवर बघा, बाकीचे आकडे जाहिरातीसाठी असतात. विमानाने जाणार असाल तर १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, आणि चेक-इन सामानात सुटी लिथियम बॅटरी चालत नाही.

इन्व्हर्टर शक्यतो टाळा. बॅटरीतली डीसी वीज इन्व्हर्टरने एसी करायची आणि मशीनच्या अडॅप्टरने ती पुन्हा डीसी करायची, हा द्राविडी प्राणायाम आहे. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच काही वॉट खातो. तुमचं मशीन ८ वॉट घेणार आणि इन्व्हर्टर स्वतःसाठी तेवढेच, म्हणजे निम्मी बॅटरी त्याच्याच पोटात. त्याऐवजी मशीनच्या कंपनीची डीसी केबल घ्या. अडॅप्टरवर ‘आउटपुट’ काय लिहिलंय ते बघा: १२ व्होल्टचं मशीन असेल तर साधी केबल पुरते, २४ व्होल्टचं असेल तर १२ चे २४ करणारा कन्व्हर्टर लागतो. रेसमेडचं एअरसेन्स १० हे २४ वालं, फिलिप्सचं ड्रीमस्टेशन १२ वालं. पिन बसली म्हणून कुठलीही केबल खुपसू नका. इन्व्हर्टर घ्यावाच लागला तर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत एसी देणारा, घ्या.

तयार पॉवर स्टेशन (बॅटरी आणि सॉकेट एकाच डब्यात) नेत असाल तर त्यात एक खोड असते: लोड फार कमी असला की वीज वाचवायला ते स्वतःच आउटपुट बंद करतं. सीपॅपचा लोड कमीच असतो, आणि हे घडतं पहाटे दोनला. सेटिंगमध्ये तो इको मोड बंद करा आणि घरी एक अख्खी रात्र त्यावर झोपून खात्री करून घ्या.

गाडीच्या बॅटरीवर चालवावं का? ह्युमिडिफायर बंद असेल आणि बॅटरी धडधाकट असेल तर एखादी रात्र निघते. पण ती बॅटरी इंजिन सुरू करायला बनवलेली असते, खोलवर उतरवायला नाही. तीन रात्री तिच्या भरवशावर मी राहणार नाही. काही गाड्यांचं १२ व्होल्टचं सॉकेट किल्ली काढली की बंदही होतं.

सोलर पॅनेलची तीन रात्रींसाठी गरज नाही. आठवडाभर राहणार असाल तर १०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दोन-तीन रात्रींची भरपाई करतं, पण ढग आले की हिशेब कोलमडतो. जनरेटर तंबूजवळ नकोच. त्याच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याचा वास येत नाही.

थंडी कडक असेल तर बॅटरी पांघरुणात घ्या, आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नका. ह्युमिडिफायर चालू असेल तर नळीही स्लीपिंग बॅगमधून घ्या, नाहीतर आत पाणी साठून नाकावर थेंब पडतात. मशीन शेकोटीपासून लांब ठेवा, ते समोरची हवा ओढतं, धुरासकट. उंच डोंगरावर जाणार असाल तर मशीनच्या पुस्तिकेतली उंचीची मर्यादा बघा. एअरसेन्स १० साठी ती २,५९१ मीटर आहे.

मध्येच बॅटरी संपली तर गुदमरू का, ही भीती बऱ्याच जणांना असते. मास्कला उच्छ्वासाची छिद्रं असतात, तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला हवा आत घेणारी झडपही असते. बहुधा जाग येते, मास्क काढून कुशीवर झोपायचं. त्या रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतलेली नसावी. आणि रात्र मशीनशिवाय गेली असेल, तर सकाळी गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.