हायस्कूल बेसबॉलसाठी बॅट घेताना

मुलगा नववीत गेला की त्याची जुनी हलकी बॅट बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या हायस्कूल बेसबॉलमध्ये २०१२ पासून धातूच्या आणि कंपोझिट (कार्बन फायबरसारख्या मिश्र साहित्याच्या) बॅटवर ‘बीबीकॉर .५०’ हा उसळीची मर्यादा पाळल्याचा शिक्का लागतो. शिवाय इंचांतली लांबी आणि औंसांतलं वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे ३२ इंची बॅट किमान २९ औंसांची. या पोकळ बॅटच्या भिंतीची स्प्रिंगसारखी उसळी नियमानेच बांधलीय, त्यामुळे चुकून टोकाला लागलेला चेंडू आता मैदान ओलांडत नाही. सुरुवातीला मुलं वैतागतात आणि आपण पाचशे डॉलरची बॅट आणायला निघतो! थांबा. ही मर्यादा महागड्या बॅटलाही तीच. त्याला वेगाने फिरवता येईल अशी घ्या, इंचभर आखूड असली तरी चालेल. सरावाला लाकडी द्या. अखंड लाकडाची सामन्यातही चालते.